आजीच्या डब्यातलं नाणं ग्रेडिंगला पाठवायचं का? आधी एवढं करून पाहा

गेल्या चतुर्थीनंतर पेडण्याहून कॉलेजात शिकणारा एक मुलगा माझ्याकडे फोंड्याला आला. पिशवीत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, डब्यात साठ-सत्तर नाणी, आणि सगळी लखलखीत. "काका, आजीची आहेत. आईने देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासून दिली. यातली ग्रेडिंगला कुठली पाठवू?"

डब्यात १८८१ चा पोर्तुगीज रुपया होता, लुईश राजाच्या छापाचा. मी तो उचलून दिव्याखाली धरला आणि क्षणभर मला बोलवेना. राजाच्या कानावरची केसांची वळणं अजून वेगवेगळी दिसत होती, म्हणजे नाणं बाजारात फारसं फिरलं नव्हतं. पण गालावर आणि मागच्या मोकळ्या जागेत, सगळीकडे एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ त्या नाण्याने जे सांभाळलं होतं, ते नारळाच्या शेंडीने पाच मिनिटांत गेलं. आईने मायेनेच केलं, तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलो.

नव्याने नाणी जमवू लागलेल्या माणसाला मी एकच गोष्ट ठासून सांगतो. ग्रेडिंगमुळे नाण्याला किंमत येत नाही. जी किंमत नाण्यात आधीच आहे, तिच्यावर फक्त त्रयस्थाची मोहोर बसते. त्यामुळे पाठवावंसं वाटणाऱ्या नाण्यांपैकी बहुतेक नाणी पाठवण्याजोगी नसतात, आणि ते घरी बसून, फार खर्च न करता ठरवता येतं.

ग्रेडिंग म्हणजे काय

तुमचं नाणं एका कंपनीकडे जातं. तिथले जाणकार ते अस्सल आहे का ते पाहतात, त्याची अवस्था ठरवतात, आणि ते पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून देतात. या डबीला स्लॅब म्हणतात. वर चिठ्ठी असते, तिच्यावर नाण्याचं नाव, साल, दर्जा आणि प्रमाणपत्राचा क्रमांक. जगभर ज्यांचा शब्द चालतो अशा कंपन्या मुख्यतः दोन, पीसीजीएस आणि एनजीसी. दोन्ही अमेरिकेतल्या, पहिली १९८५ ची, दुसरी १९८७ ची.

दर्जाचे आकडे १ ते ७० असतात. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये ही मोजपट्टी मांडली, तीही तिकडच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी. सत्तर दर्जाचं नाणं सर्वांत झिजलेल्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं, असा त्यामागचा हिशोब होता. तो हिशोब कधीच मोडला, आकडे मात्र राहिले. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा की ६० आणि त्यावरचं नाणं म्हणजे व्यवहारात न आलेलं, कोरं. ५० ते ५८ म्हणजे जवळजवळ कोरं, फक्त उंच भागावर किंचित घासल्याची खूण. ४० च्या घरात चांगला उठाव, थोडी झीज. २० ते ३५ मध्ये झीज उघड दिसते, पण मुख्य रेखाटन शाबूत. त्याखालची नाणी घरात ठेवायला छान, पण फार दुर्मीळ असल्याखेरीज त्यांच्या ग्रेडिंगवर पैसे घालू नयेत.

यात एक शब्द नवख्याला माहीत नसतो आणि तोच महागात पडतो. तो म्हणजे 'डिटेल्स'. नाणं घासलेलं, खरवडलेलं, कडी लावून काढलेलं किंवा भोक बुजवलेलं असेल, तर कंपनी त्याला आकडा देत नाही. चिठ्ठीवर झिजेचा अंदाज आणि 'डिटेल्स', शिवाय कारण. पैसे पूर्ण घेतात. ग्राहक मात्र अशा स्लॅबकडे बघून भाव पाडतो.

पहिलं काम: हात आवरा

डबा सापडला की नाणी धुवायची नाहीत. चिंच नको, आमसुलाचं पाणी नको, राख नको, टूथपेस्ट नको, चांदीची भांडी उजळायची पावडर तर नकोच. आपल्याकडे चतुर्थी आणि दिवाळीच्या आधी घरातलं सगळं घासून ठेवायची रीत आहे, म्हणून मी हे घरातल्या मोठ्यांनाही आवर्जून सांगतो. चांदीवर काळसर-निळसर छटा चढते ती मळ नाही. गंधकामुळे पृष्ठभागावर बसलेला तो पातळ थर आहे, आणि जाणकार त्याच्याकडे पाहूनच ओळखतो की या नाण्याला कुणी हात लावलेला नाही.

नाणं कडेने धरायचं, अंगठा आणि पहिल्या बोटात, खाली मऊ फडकं अंथरून. बोटाचा ठसा तांब्याच्या नाण्यावर महिन्याभरात तपकिरी होऊन कायमचा बसतो.

ठेवायचं कशात? गोव्यात याचं उत्तर पुण्या-नाशिकपेक्षा वेगळं आहे. जून ते सप्टेंबर आपल्या कपाटात चपलांना बुरशी येते, तिथे तांब्याचं काय होणार? त्यात किनारपट्टीची खारी हवा. बाजारात मिळणारे मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात. ओल्या हवेत त्यातून चिकट हिरवट द्रव सुटतो आणि नाणं खातो. माझ्याकडे १९३४ च्या चार तांग्यांच्या पोर्तुगीज नाण्यावर अशी हिरवी कड आहे आणि ती आता जाणार नाही. पुठ्ठ्याच्या चौकोनी खिडकीवाल्या होल्डरमध्ये, ज्यात पीव्हीसी नाही असं लिहिलेलं असेल, नाणं ठेवा. ते घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात त्या पुड्या दर महिन्याला बदला. याला खर्च फार नाही. ग्रेडिंगचा विचार करण्याआधी हा खर्च करा.

दुसरं काम: हातात काय आहे ते ओळखा

गोव्याच्या घरातल्या डब्यात साधारण तीन प्रकारची नाणी निघतात.

पोर्तुगीज काळातली पहिली. हिशोब असा होता: एक रुपया म्हणजे १६ तांगा, एक तांगा म्हणजे ६० रेइस. १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज तहानंतर गोव्याचा रुपया ब्रिटिश रुपयाच्या वजनाचा आणि तेवढ्याच चांदीचा झाला. म्हणून १८८१ आणि १८८२ ची नाणी ब्रिटिश भारतातल्या टांकसाळीत पाडलेली आहेत आणि त्यांच्यावर लॅटिनमध्ये 'लुदोविकुस' असं लुईश राजाचं नाव आहे. त्यानंतर कार्लुश राजाचे १९०३-०४ चे रुपये, पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर १९१२ चा, मग १९३४ ची दोन आणि चार तांग्यांची, १९३५ चा रुपया, १९३६ चा अर्धा रुपया, १९४७ आणि १९५२ ची छोटी नाणी. १९५८ मध्ये एस्कुदो आले, सहा एस्कुदोंचा एक रुपया या दराने. त्यांत १० आणि ३० सेंतावोंची (शंभर सेंतावोंचा एक एस्कुदो) काशाची नाणी, ६० सेंतावोंपासून ६ एस्कुदोंपर्यंतची तांबं-निकेलची, आणि सगळ्यांवर 'एस्तादो द इंडिया'. तीनच वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ही नाणी लवकरच चलनातून गेली. म्हणूनच ती आज घराघरांत, कधीकधी अगदी कोऱ्या अवस्थेत सापडतात.

दुसरी ब्रिटिश नाणी, व्हिक्टोरिया राणीपासून सहाव्या जॉर्जपर्यंत. तिसरी आपली स्वतंत्र भारताची. या तिसऱ्या प्रकारात सालाखालची खूण पाहायला शिका. हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता.

गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं सोन्याचं नाणं कुणाच्या डब्यात निघेल असं नाही, पण ज्याला नाण्यांची ओढ आहे त्याने ते पाहिलेलं असावं. त्यावर सिंह असतो आणि नागरीत सप्तकोटीश्वराच्या कृपेचा उल्लेख. हा आपला नार्व्याचा देव, ज्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधवलं. असलं काही शेतात, विहीर खणताना किंवा जुनं घर पाडताना सापडलं तर विकायला किंवा ग्रेडिंगला धावू नका. आधी पुरातत्त्व खात्याला कळवा.

ओळख पटली की त्या सालाचं, त्या टांकसाळीचं नाणं सहज मिळतं की क्वचित, ते शोधा. न्युमिस्टासारख्या ऑनलाइन सूचीत पोर्तुगीज गोव्याची बहुतेक नाणी छायाचित्रांसह आहेत. किंमत पाहताना विक्रेत्याने मागितलेली नको, लिलावात प्रत्यक्ष पडलेली बोली पाहा. मागणारा काहीही मागतो.

तिसरं काम: खरं की खोटं

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात फरशीवर मांडलेले 'चांदीचे रुपये' मी अनेक वर्षं पाहतोय. त्यांत ओतीव नकला भरपूर असतात. तुमचं नाणं आजीच्या डब्यातलं असलं तरी तपासा. आजीलाही कुणीतरी दिलेलंच असतं.

वजन आधी. चांदीचा जुना रुपया, ब्रिटिश असो वा १८८१ ते १९१२ मधला गोव्याचा, ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे बरोबर एक तोळा. जुने सराफ वजन म्हणून रुपयेच पारड्यात टाकत, ते याचसाठी. शंभरांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरेल, पण जड भरणार नाही.

वजन जुळलं तरी मी एक चाचणी आणखी करतो. पेल्यात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवायचा आणि काटा शून्यावर आणायचा. नाण्याला शिवणाच्या दोऱ्याचा सैल फास देऊन ते हातानेच पाण्यात पूर्ण बुडवून धरायचं, तळाला किंवा बाजूला टेकू न देता. काट्यावर जो आकडा येतो ते नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागलं की धातूची घनता मिळते. १९४० पूर्वीच्या अशा रुपयाच्या चांदीची घनता साधारण १०.३, म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या तसल्या खऱ्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवेल. तांबं-निकेलची नक्कल त्याच वजनाची असली तर १.३१ च्या आसपास. एवढा फरक साध्या काट्यालाही कळतो. नंतर नाणं मऊ सुती कापडावर ठेवून टिपून घ्या, पुसू नका. अगदी कोऱ्या, तकतकीत नाण्यावर मात्र हा प्रयोग नको.

लोहचुंबकावर सगळा भरवसा ठेवू नका. चिकटला तो 'चांदीचा' रुपया खोटा, हे बरोबर. पण १९४७ चा वाघाच्या छापाचा रुपया शुद्ध निकेलचा आहे. तो खरा असूनही चिकटतो, आणि तेवढ्यावरून तो खोटा समजून टाकून देणारे लोक मला भेटले आहेत. कड भिंगाखाली फिरवून पाहा. ओतीव नाण्याला कडेभोवती शिवण दिसते आणि पृष्ठभागावर बारीक फोड किंवा खड्डे असतात. १९३९ चा चांदीचा रुपया कुणी दाखवला तर आधी खोटाच धरून चाला. तो फार दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला फार.

चौथं काम: अवस्था, दिव्याखाली

इथे घाई करू नका, कारण पुढचा सगळा निर्णय याच्यावर आहे. अंधाऱ्या खोलीत टेबलाचा एकच दिवा लावा, दहापट दाखवणारं भिंग जवळ ठेवा. नाणं दिव्याखाली तिरपं धरा आणि हळूहळू गोल फिरवा. नाणं कोरं असेल तर प्रकाशाचे पट्टे त्याच्या अंगावरून बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. टांकसाळीच्या ठोक्याने धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, त्याच्या सूक्ष्म रेषांवरून हा प्रकाश येतो. घासून आणलेली चमक फिरत नाही. ती सगळीकडे एकसारखी, स्टीलच्या ताटासारखी दिसते. हा फरक वाचून कळत नाही. एक खात्रीचं कोरं नाणं आणि एक घासलेलं नाणं शेजारी ठेवून दहा वेळा फिरवा. मग आयुष्यभर विसरणार नाही.

यानंतर उंच भाग पाहा. लुईशच्या रुपयावर कानावरचे केस, व्हिक्टोरियावर छातीवरच्या वस्त्राची नक्षी, एस्कुदोंवर ढालीचे आणि मुकुटाचे उठलेले भाग. झीज आधी तिथेच लागते. उंच भागाचा रंग बाकीच्या नाण्यापेक्षा मंद किंवा राखाडी दिसला तर नाणं फिरलेलं आहे, कितीही सुंदर असलं तरी ६० च्या खाली.

मग ओरखडे. एक-दोन सुटे असतील तर व्यवहारातले. सगळीकडे समांतर, केसासारखे असतील तर घासलेलं. आपल्या भागात आणखी एक गोष्ट मुद्दाम पाहावी लागते, ती म्हणजे नाण्याची वरची कड, बारा वाजताची जागा. पूर्वी बायका रुपये कडी लावून गळ्यात घालत. कडी काढून डाग घासला तरी भिंगाखाली तिथे दातऱ्या तुटलेल्या किंवा धातू वितळल्यासारखा दिसतो. असं नाणं 'डिटेल्स' मध्येच जाणार. ग्रेडिंगला नका पाठवू. पण त्याला कमी लेखूही नका, ते कुणाच्या तरी गळ्यात होतं.

स्वतःचा अंदाज कागदावर लिहा. मग जाणकार संग्राहकाला तो न सांगता नाणं दाखवा आणि त्याचा अंदाज घ्या. दोघांत मोठा फरक असेल तर अजून पाठवायची वेळ आलेली नाही.

पाचवं काम: कायदा

हे मी फार कळकळीने लिहितोय, कारण नवख्याला हे कुणी सांगत नाही.

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे. तिची निर्यात खाजगी माणसाला करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. 'विकत नाही हो, फक्त ग्रेडिंग करून परत आणतोय' हे कारण कस्टमसमोर ठेवून पार्सल सुटेल या भरवशावर राहू नका.

आता हिशोब करा. गोव्याचे १८८१-८२, १९०३-०४, १९१२ चे रुपये शंभरी ओलांडून गेले. व्हिक्टोरिया आणि एडवर्डचे सगळे गेले. पाचव्या जॉर्जचे चांदीचे रुपये १९२२ पर्यंतचे, तेही गेले. नवख्याला ज्या नाण्यांच्या ग्रेडिंगचा मोह होतो ती बहुतेक याच यादीत आहेत. अमेरिकेतल्या कंपनीकडे कायद्याने जाऊ शकतात ती १९३४ पासूनची पोर्तुगीज नाणी, सहाव्या जॉर्जची आणि स्वतंत्र भारताची. तिथेही वयाबद्दल शंका निघाली तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र लागू शकतं. त्यांचं गोवा मंडळाचं कार्यालय जुन्या गोव्यात आहे.

नाणी गोळा करून परदेशी पाठवणारे मध्यस्थ प्रदर्शनांत भेटतात. त्यांना सरळ विचारा: माझं नाणं देशाबाहेर जाणार का? कुठल्या कागदावर? वाटेत हरवलं तर कोण भरून देणार? उत्तर गोलमोल आलं तर नाणं परत खिशात घाला. देशातल्या देशात प्रमाणपत्र देणारेही काही आहेत. पण त्यांच्या शब्दाला बाजारात किती मान आहे, हे त्यांची जाहिरात नाही, लिलावातले भाव सांगतात.

सहावं काम: कागदावर हिशोब

खर्चात काय काय धरायचं? कंपनीची फी (ती नाण्याच्या जाहीर केलेल्या किमतीप्रमाणे वाढते), प्रत्येक पार्सलमागचं हाताळणी शुल्क, जाण्या-येण्याचं कुरिअर आणि विमा, मध्यस्थाचं कमिशन, परत येताना कस्टमने काही आकारलं तर ते. फी बदलत राहते, त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावरचा त्या दिवसाचा दर घ्या.

उदाहरणासाठी आकडे कल्पनेतले घेऊ. समजा एक नाणं तुम्हाला आज, आहे तसं, १,५०० रुपयांना विकता येतं. सगळा खर्च नाण्यामागे ३,५०० रुपये. दर्जा ६३ आला तर ते ८,००० ला जाईल, ५८ आला तर ३,००० ला, 'डिटेल्स' आला तर १,००० ला. तुमचा प्रामाणिक अंदाज असा की अशी दहा नाणी पाठवली तर दोन ६३ येतील, पाच ५८, तीन डिटेल्स. म्हणजे १६,००० अधिक १५,००० अधिक ३,०००, एकूण ३४,०००. नाण्यामागे ३,४००. खर्च ३,५००. शंभर रुपये घरातून गेले, आणि न पाठवता मिळाले असते ते १,५०० सुद्धा. त्या ८,००० कडे पाहून निर्णय घेतला असता तर हे दिसलंच नसतं.

हा हिशोब मला उशिरा कळला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एका व्यापाऱ्याने माझे सहाव्या जॉर्जचे चार रुपये पाहून "हे पक्के पासष्ट" असं छातीठोक सांगितलं. मी पाठवले. सहा महिन्यांनी आले, दोन ५५ आणि ५८, दोन 'डिटेल्स, क्लीन्ड'. खर्च चारही रुपयांच्या किमतीहून जास्त झाला होता. त्या दोन रुपयांवरचे ओरखडे आज मला पहिल्या नजरेत दिसतात. तेव्हा दिवा लावून फिरवून पाहायचं मला माहीत नव्हतं आणि त्याने सांगितलं नाही.

मग पाठवावं कधी

नाणं अस्सल आहे, कुणी घासलेलं नाही, कायद्याने जाऊ शकतं, आणि एका दर्जाच्या फरकाने किंमत खर्चाच्या कितीतरी पट बदलते, तेव्हा जरूर पाठवा. किंवा नाणं इतकं दुर्मीळ आहे की खरं-खोटं हाच ग्राहकाचा पहिला प्रश्न असणार, तेव्हा. दूरच्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या ग्राहकाला विकायचं असेल तेव्हाही स्लॅब उपयोगी पडतो. पोर्तुगीज गोव्याच्या नाण्यांचे हौशी पोर्तुगालमध्येही आहेत, आणि ते तुमचं नाणं हातात घेऊन पाहू शकत नाहीत. विकायचंच नसेल, मुलांना द्यायचं असेल, तर चांगला होल्डर पुरे.

आजची चलनातली नाणी, वैष्णोदेवीच्या छापाचं पाच-दहाचं नाणं वगैरे, यांच्या ग्रेडिंगचा विचार सोडा. 'हे नाणं असेल तर लाखो रुपये मिळवा' असले व्हिडिओ पाहून दर आठवड्याला कुणीतरी मला फोन करतं. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाने शुल्क आणि कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे. बँक असले व्यवहार करत नाही आणि कुणाला करायला सांगतही नाही. आधी पैसे भरा म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.

पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, वजन लिहून ठेवा, पावतीवर प्रत्येक नाणं वेगळं नोंदवून घ्या. आणि तुम्ही स्वतः स्लॅबमधलं नाणं विकत घेत असाल तर चिठ्ठीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा, फोटो असेल तर नाण्यावरचा एकेक डाग जुळवा. बनावट स्लॅबही बाजारात आहेत.

त्या पेडण्याच्या मुलाबरोबर मी दुपारभर बसलो. साठ-सत्तर नाण्यांतून एकच बाजूला निघालं, १९५९ चं सहा एस्कुदोंचं. ते कागदाच्या पुडीत गुंडाळलेलं होतं, म्हणून चिंचेच्या हातून सुटलं होतं. दिव्याखाली फिरवल्यावर प्रकाशाचे आरे अगदी कडेपर्यंत गेले. ते पाठवायचं की नाही हे त्याने हिशोब करून ठरवायचं आहे, अजून ठरलेलं नाही. लुईशचा रुपया त्याने नव्या होल्डरमध्ये घातला आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहिलं: "आजीकडून. आईने चतुर्थीला घासला. वजन ११.६१." मग मला विचारलं, "काका, आजी कुठे राहायची तेही लिहू?" म्हटलं, लिही. गावाचं नाव, वाड्याचं नाव, सगळं लिही.